गवयाच्या कंठी अभंग

(बोरी अरब, तालुका दारव्हा, येथील भाविक मंडळींपुढे केलेले निरूपण)



सज्जनहो, आजचा विषय ऐकून काही जुन्या माळकऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. आज गवयांविषयी बोलायचे आहे. कोणी म्हणेल, गवयांचा आणि आपला संबंध काय? ते बैठकीत गातात, आपण वाटेने चालताना गातो. त्यांच्या मागे तंबोरे लागतात, आपल्या हाती टाळ असतो. त्यांचे गाणे ऐकायला तिकीट काढावे लागते, आपले भजन ऐकायला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की पुरे. हे सगळे खरे. परंतु आपल्या खेड्यापाड्यांतून एकादशीच्या पहाटे देवळाच्या कर्ण्यावर जो अभंग लागतो तो कोणाच्या गळ्यातला असतो, याचा एकदा विचार करा. पुष्कळ वेळा तो कीर्तनकाराचा नसतो, फडावरच्या चोपदाराचाही नसतो. तो ख्याल गाणाऱ्या गवयाचा असतो! ज्यांचे सारे आयुष्य दरबारी, तोडी, मारवा असे राग घोटण्यात गेले, त्यांच्या कंठातून आपला नामदेव, आपला तुकोबा, आपला चोखोबा घरोघर पोचला. हे कसे घडले, आणि त्यातून तुम्ही-आम्ही काय घ्यावे, एवढेच आजचे चिंतन.

या बाबतीत एक शंका आपल्या वऱ्हाडात ठिकठिकाणी ऐकू येते. म्हातारी मंडळी सरळ विचारतात, "महाराज, हे लोक मोठे गवई, हे कबूल. पन हे कधी वारीत चालले नाहीत, गळ्यात माळ नाही. मंग ह्यायच्या अभंगाले भजन म्हनाव, का नुसतं गानं म्हनाव?" शंका योग्य आहे. तिला वाटेला लावून चालणार नाही. पण उत्तर देण्याआधी हे लोक आपले अंगण सोडून दुसऱ्याच्या अंगणात आले म्हणजे नेमके काय केले, ते समजून घेऊ.

ख्याल म्हणजे काय? बंदिशीचे शब्द असतात जेमतेम दोन-चार ओळींचे. त्या दोन ओळी घेऊन गवई तासभर बसतो. शब्द हे तेथे खुंटीसारखे असतात, आणि त्या खुंटीवर रागाचा शेला पसरायचा असतो. आलाप, बोलआलाप, सरगम, तान, सगळे रागासाठी. शब्द नीट कळला नाही तरी रसिक तक्रार करीत नाही. कोठे थांबावे, कोठे वळावे, किती वेळ एका स्वरावर उभे राहावे, याचा मालक गवई स्वतः. आता अभंग पाहा. येथे शब्द खुंटी नव्हे, शब्दच धनी. चरणामागून चरण येतो, त्यात अर्थ पुढे चालतो, शेवटी संतांचे नाव येते. ठेका आठ मात्रांचा, साधा, पाऊल टाकता येईल असा. आणि धृपद म्हणायला चार माणसे मागे उभी असतात. ती शास्त्र शिकलेली नसतात, पण त्यांना ओळ उचलता आली पाहिजे. उचलता आली नाही तर ते भजनच नव्हे. म्हणून ख्यालाच्या राज्यात जो राजा असतो, त्याला अभंगाच्या दारात पागोटे काढून यावे लागते. तेथे त्याची निम्मी विद्या कामाला येत नाही, आणि उरलेली निम्मी सांभाळून वापरावी लागते.

यासाठीच पुष्कळ चांगले गवई अभंगात फसतात. त्यांना वाटते, हे तर सोपे आहे, मुले-बाळे म्हणतात. मग ते आपली सगळी श्रीमंती त्याच्यावर लादतात. लग्नाच्या नवरीला इतके दागिने घालावेत की तोंडच दिसू नये, तशी त्या अभंगाची अवस्था होते. तान ऐकू येते, विठ्ठल ऐकू येत नाही.

जे फसले नाहीत, त्यांच्यात पहिले नाव घ्यायचे ते पंडित भीमसेन जोशी यांचे. जन्म १९२२ सालचा, कर्नाटकातील गदगचा. घरची भाषा कानडी. गाण्याच्या वेडापायी अकराव्या वर्षी, १९३३ साली, घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. उत्तरेत गावोगाव भटकले, आणि शेवटी घराजवळच, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांपाशी त्यांना गुरू सापडला. तेथे गुरुगृही राबले, पडेल ते काम केले आणि विद्या मिळवली. हा माणूस किराणा घराण्याचा भला मोठा ख्यालगायक झाला. गुरूंच्या नावाने १९५३ साली पुण्यात जो संगीत महोत्सव सुरू झाला, तो त्यांनी जन्मभर वाहिला. अशा माणसाला अभंगाची गरज काय होती? पोटासाठी नव्हती, कीर्तीसाठी तर नव्हतीच. तरीही राम फाटकांसारख्या, श्रीनिवास खळ्यांसारख्या संगीतकारांनी बांधून दिलेल्या चाली त्यांनी शिष्यासारख्या उचलल्या. विचार करा, रागाचा मालक दुसऱ्याने बांधलेल्या चालीत गातो! पुढे 'संतवाणी' या नावाने त्यांचे अभंगांचे कार्यक्रम होऊ लागले, आणि ज्यांना यमन आणि भूप यांतला भेद ठाऊक नाही असे हजारो लोक मांडी ठोकून ऐकू लागले.

त्या संतवाणीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी होती. तबला, पेटी, पखवाज यांच्याबरोबर टाळही असे, आणि तो टाळ वर्षानुवर्षे वाजवला माऊली टाकळकर या वारकरी परंपरेतल्या टाळकऱ्याने. ख्यालाच्या बैठकीत टाळाला जागा नाही. पण अभंगाला आल्यावर एवढ्या मोठ्या गवयाने टाळकऱ्याला शेजारी बसवले आणि आपली लय त्याच्या टाळाशी जुळवून घेतली. त्यांच्या अभंगात ताना नाहीत असे नाही. आहेत, आणि जबरदस्त आहेत. पण ती तान घारीसारखी वर जाते आणि पिलापाशी परत यावे तशी विठ्ठलाच्या नावापाशी परत येते. तान संपते तेथे नाम उभे असते. हाच त्यांच्या यशाचा मर्मबिंदू.

कोणी म्हणेल, कानडी माणसाला मराठी अभंग इतका कसा वश झाला? अहो, विठ्ठल काय एकट्या मराठीचा आहे? माउलींनी त्याला कानडा म्हटलेच आहे. कर्नाटकातल्या हरिदासांनी त्याचीच पदे गायिली. पुरंदरदासांच्या पदांच्या शेवटी मुद्रा येते तीच मुळी विठ्ठलाची. भीमसेनांनी ती कानडी दासपदेही तितक्याच प्रेमाने गायिली. एकाच विठ्ठलाच्या दोन माहेरवाशिणी त्यांच्या गळ्यात नांदल्या. १९७०-८० च्या काळात खेड्यातल्या रेडिओवर त्यांचा आवाज लागला की बाया-बापड्या हातातले काम थांबवीत. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले आणि २४ जानेवारी २०११ रोजी त्यांनी देह ठेवला.

दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. तेही कानडी मुलखाचे, बेळगावजवळच्या सुळेभावीचे, १९२४ साली जन्मलेले. लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या हुबेहूब नकला करून त्यांनी लोकांना थक्क केले होते. मुंबईस प्रोफेसर देवधरांकडे शिकले. भर तारुण्यात क्षयाने गाठले. १९४८ साली हवापालटासाठी माळव्यातल्या देवासला जाऊन राहिले. पुढली काही वर्षे गाणे बंद! ज्याचा गळा हेच सर्वस्व, त्याला वैद्य-डॉक्टर सांगतात की गाऊ नकोस. सज्जनहो, अशा वेळी माणूस काय करतो? रडतो, कुढतो, देवाला बोल लावतो. हा माणूस अंथरुणावर पडून ऐकू लागला. माळव्यातल्या खेडुतांची गाणी, बायांची गाणी, नाथपंथी जोग्यांच्या तोंडची कबीराची निर्गुणी भजने त्याच्या कानी आली. ज्या गाण्यांना बैठकीतले रसिक गाणेसुद्धा म्हणत नव्हते, त्यांतून त्याला नवे राग दिसले, नवा सूर सापडला. बरे झाल्यावर कुमारांनी कबीर गायिला तो असा की आजही ऐकताना अंगावर काटा येतो. पुढे त्यांनी आपल्या तुकोबारायांवरही संपूर्ण कार्यक्रम केला.

यातला बोध ध्यानी घ्या. त्यांना बोलायची बंदी होती म्हणून त्यांचे ऐकणे सुरू झाले. आपण भजनात किती बोलतो, आणि किती ऐकतो? ज्ञानदेवांची गुरुपरंपरा निवृत्तिनाथ, गहिनीनाथ अशी नाथपंथातूनच आली आहे. नाथाघरचे जोगी देवासला ज्या वाटेने गात गेले, ती वाट आपल्याला परकी नाही.

आता आपल्या मातीतला माणूस घेऊ. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला गाडी तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. आता ती थांबली. तिच्या शेवटच्या टोकाला, त्या मूर्तिजापूरलाच, २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला. नागपुरास वाढले, तेथे शंकरराव सप्र्यांकडे शिकले, पुढे पुण्यास मिलिटरीच्या हिशेबखात्यात कारकुनी केली. दिवसा आकडे, रात्री सूर! ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, लावणी, भावगीत यांपैकी कोठेही हा माणूस उपरा वाटला नाही. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक रंगभूमीवर आले. लिहिले नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. आडनाव ऐकताच आपले दारव्हे आठवावे! संगीत गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींचे. त्यात खाँसाहेबांचे काम वसंतरावांनी केले. गंमत अशी की जो माणूस स्वतः कोणत्या एका घराण्याच्या कुंपणात राहिला नाही, त्याने घराण्याच्या अभिमानाने आंधळ्या झालेल्या गवयाचे सोंग वठवले. त्या नाटकातला खाँसाहेब मोठा कलावंत आहे, पण विद्या माझ्या घराण्याची, ती परक्याला देणार नाही, हा त्याचा हट्ट. शिकायला आलेला मुलगा त्याच्या घरी चाकरी पत्करून राहतो. शेवटी तो अभिमान गळतो तेव्हाच खाँसाहेब खरा मोठा होतो. सज्जनहो, ही गवयांचीच गोष्ट आहे असे समजू नका. भजनी मंडळातही खाँसाहेब असतात!

आता या विषयाच्या गाभ्याशी येतो. गवई अभंग गातो म्हणजे नुसती चाल बदलतो असे नाही. त्याला ते शब्द ज्याचे आहेत त्याच्या जागी जाऊन उभे राहावे लागते. किशोरीताई आमोणकर जयपूर घराण्याच्या. आई मोगूबाई कुर्डीकर याच गुरू, आणि त्या शिस्तीला अतिशय कडक. त्या घराण्याचे राग अनवट, बांधणी अवघड. त्याच किशोरीताईंनी सोयराबाईंच्या अभंगाला स्वतः चाल लावली आणि गायिला. सोयराबाई कोण? चोखोबांची बायको. मंगळवेढ्याची, गावकुसाबाहेर राहणारी, देवळात जाण्याचा अधिकार नसलेली. तिचा तो अभंग सगळे रंग एक होऊन गेल्याचे सांगतो, देवाला पाहताना पाहणाराही उरला नाही असे सांगतो. ज्या बाईला गाव पाणवठ्यावर उभे करीत नव्हते, तिच्या तोंडचा हा अनुभव! तो आज लाखो घरांत किशोरीताईंच्या आवाजात ऐकला जातो. त्या ३ एप्रिल २०१७ रोजी गेल्या. राग त्यांनी अपार गायिले, पण ज्यांना त्यातला एकही राग ठाऊक नाही त्यांना त्या सोयराबाईमुळे ठाऊक आहेत.

आणि अभिषेकीबुवांचे पाहा. गोव्याच्या मंगेशीतले हे घराणे. श्रीमंगेशाच्या पिंडीवर अभिषेक करण्याचे काम घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, म्हणून आडनाव अभिषेकी. गाभाऱ्यात ज्यांचा जन्मसिद्ध वावर, त्या घरातल्या मुलाने चोखोबांचा अभंग गायिला. कोणता? ज्यात विठ्ठलाच्या दारी रंग उधळला जात आहे, आणि बाहेर उभा राहिलेला भक्त विचारतो आहे की आम्ही या उंबरठ्याला शिवावे तरी कसे. सज्जनहो, जरा डोळे मिटून हे चित्र पाहा. गाभाऱ्यातला पुजाऱ्याचा मुलगा उंबऱ्याबाहेरच्या चोखोबाच्या शेजारी येऊन उभा आहे आणि त्याचा प्रश्न आपल्या तोंडाने विचारतो आहे! ख्याल गाऊन हे घडले नसते. दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडात घ्यावे लागले, तेव्हा घडले. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी बाहेरच राहिली. पंढरीचे देऊळ सर्वांना उघडे व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. शतकांचे कुलूप होते ते. कायद्याने दार उघडते, पण मन उघडायला दुसऱ्याचे दुःख आपल्या गळ्यातून एकदा जावे लागते.

हा अभंगाचा प्रवास महाराष्ट्रापुरता राहिला नाही. तंजावरास भोसल्यांचे राज्य होते तेव्हापासून तमिळ मुलखातल्या भजनांत मराठी अभंग मिसळले. आजच्या काळात मुंबईत वाढलेल्या, कर्नाटक संगीत गाणाऱ्या अरुणा साईराम आपल्या कच्चेरीत अभंग घेतात. मराठी न कळणारे श्रोते विठ्ठलनामाला टाळ्यांनी ठेका धरतात. तेथेही तेच. कर्नाटक संगीताचे गणित काट्याचे, पण अभंगाला आले की ते गणित नामाच्या मागे चालते.

आता त्या शंकेचे समाधान. याला भजन म्हणावे की गाणे? माझे म्हणणे असे: गाणाऱ्याच्या अंतःकरणात काय होते ते पांडुरंग जाणे. ते मोजण्याचे माप आपल्याजवळ नाही. त्यांना संत ठरवण्याची घाई करू नका, आणि माळ नाही म्हणून हिणवूही नका. ते गवई होते, मोठे गवई होते, एवढे म्हणणे पुरे. पण त्यांनी जे केले ते डोळ्यांपुढे आहे. ज्यात आपण धनी आहोत ते क्षेत्र सोडून ते अशा क्षेत्रात आले जेथे शब्द धनी, टाळ धनी, मागे उभा राहणारा साधा माणूस धनी. आणि तेथे ते लहान झाले. लहान झाले म्हणून अभंगाने त्यांना थोरपण दिले. तुकोबारायांनी देवापाशी लहानपणच मागितले, हे आपण नेहमी म्हणतो. या गवयांनी ते करून दाखवले, असे म्हणायला मला तरी संकोच वाटत नाही.

पण माझा रोख त्यांच्याकडे नाही, तुमच्या-माझ्याकडे आहे. आपल्याला अभंग बापजाद्यांकडून आयता मिळाला. हरिपाठ तोंडपाठ, काकडा तोंडपाठ. जे आयते मिळते त्याची किंमत राहत नाही. परक्या मुलखाच्या गवयाला एक चरण बसवायला जितके दिवस लागले असतील तितके क्षण तरी आपण त्या चरणाच्या अर्थापाशी थांबतो काय? आज गावोगाव भजनस्पर्धा होतात, बक्षिसे लागतात. पोरे त्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांच्या ताना उचलतात. तान उचलली, लहानपण राहून गेले! भीमसेनांची तान घेताना त्यामागची गुरुघरची चाकरी कोण घेणार? कुमारांचा सूर घेताना त्या सक्तीच्या मौनातले ऐकणे कोण घेणार? उलट, म्हातारी मंडळीही सोडत नाहीत. नवी चाल म्हटली की नाक मुरडायचे, आणि पेटी शिकून आलेल्या पोराला मागे बसवायचे. मग ते पोरगे एक दिवस देवळात यायचेच बंद होते. असे मंडळ फुटते. एका गावात एकाच देवाची दोन मंडळे होतात, आणि एकादशीला दोन कर्णे एकमेकांवर ओरडतात. विठ्ठलाने कोणाचे ऐकावे?

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट सांगतो. चोखोबांचा, सोयराबाईंचा अभंग आपण तल्लीन होऊन ऐकतो, डोळ्यांतून पाणी काढतो. पण ज्या गावात तो अभंग कर्ण्यावर लागतो, त्याच गावात वीणा कोणाच्या गळ्यात असते? पंगतीला कोण कोठे बसते? धृपद सुरू करायला कोणाला बोलावले जाते, आणि कोणाला फक्त मागून ओढायला उभे केले जाते? याची उत्तरे मी देत नाही. प्रत्येकाने आपापल्या देवळात पाहावीत. मंगेशीच्या पुजाऱ्याघरचा मुलगा चोखोबाशेजारी उभा राहू शकला. आपण तर वारकरी म्हणवतो, वाटेत एकमेकांच्या पाया पडतो. वारीत पाया पडायचे आणि गावी परत आल्यावर ओळख विसरायची, ही कोणती वारी?

म्हणून आज एक छोटासा नेम मागतो. पारायण मागत नाही, देणगी मागत नाही. येत्या एकादशीला आपल्या मंडळाचा जो मुख्य गायक असेल त्याने एक अभंग मागे उभे राहून, टाळ धरून म्हणावा. आणि ज्याला आजवर कधी पुढे उभे केले नाही, तो पेटी शिकलेला पोरगा असो, गावकुसाकडल्या वस्तीतला भक्त असो, बाईमाणूस असो, त्याने धृपद सुरू करावे. त्याचा सूर हलेल, ठेका चुकेल. चुकू द्या. मुख्य गायकाने त्याच्या हलत्या सुरात आपला सूर मिळवावा, दुरुस्त करू नये. एवढ्या मोठ्या गवयाने टाळाशी लय जुळवली, तर आपल्याला एका चरणापुरते जुळवून घेणे जड जाऊ नये. त्या एका चरणात तुम्हाला जे ऐकू येईल, ते कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत सापडणार नाही.

पांडुरंग त्या नेमाला बळ देवो.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!